धरण सुरक्षित आहे, घराचं काय?

कोयना खोऱ्यात भूकंपाचा धक्का बसला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरातली बातमी मला न वाचता म्हणून दाखवता येते. रिश्टर स्केलवर अमुक तीव्रता, केंद्रबिंदू हेळवाकच्या नैर्ऋत्येला तमुक किलोमीटर, जमिनीखाली इतकी खोली. पाटण, कराड, चिपळूण परिसरात धक्का जाणवला. आणि शेवटचं वाक्य ठरलेलं: धरण सुरक्षित आहे, नागरिकांनी घाबरून जाऊ नये. आता हीच बातमी पेपरच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर येते, एवढाच फरक.

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. ते खोटं नाही. कोयनेच्या खाली पाटण आहे, कराड आहे, पुढे कृष्णाकाठची गावं आणि सांगली आहे. शंभर टीएमसी पाणी अडवून उभ्या असलेल्या भिंतीची खबर लोकांना आधी द्यायलाच हवी. पण साठ वर्षं होत आली, आपण त्याच वाक्यावर थांबतो. धक्क्यानंतर कुणी असं कळवत नाही की अमुक गावातल्या इतक्या घरांच्या भिंती पाहून आलो, तमुक शाळेचा कोपरा फाटलाय, तिथे उद्यापासून वर्ग भरणार नाही. तसं कुणी विचारतही नाही. प्रश्न धरणाचा, उत्तर धरणाचं. माणसं मात्र धरणात झोपत नाहीत.

मी कराडला इमारतींचे नकाशे आणि स्ट्रक्चरल डिझाइन करतो, सव्वीस वर्षं झाली. मूळ गाव पाटण तालुक्यातलं. आई अजून तिथेच असते, दगडमातीच्या घरात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ज्यांच्यावर मी तोंडसुख घेणार आहे त्यांच्यात मीही आहे.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. आई तेव्हा लग्न होऊन सहा महिन्यांपूर्वी आलेली. तिच्या सांगण्यात रिश्टर नाही, आवाज आहे. गोठ्यातली गुरं आधी उठली, मग जमिनीखालून भरलेला ट्रक जावा तसा आवाज आला, आणि मागची भिंत बाहेरच्या बाजूला बसली. कौलं आत आली. शेजारच्या घरातली म्हातारी आणि तिचा नातू दगडांखालीच गेले. भाताची काढणी झालेली होती, म्हणून माणसांना खाचरात झोपायला जागा मिळाली. थंडीत, पेंढा अंथरून, महिनाभर. आजोबांनी पुढच्या उन्हाळ्यात घर परत बांधलं. त्याच दगडांनी, त्याच मातीत, त्याच पायावर. दुसरं कसं बांधायचं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी खिशात काही नव्हतं.

त्या पहाटे पावणेदोनशे ते दोनशेच्या दरम्यान माणसं गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली, कोयनानगरची बहुतेक घरं पडली. कोयनेची वीज बंद पडल्याने मुंबईचे कारखाने थंडावले. भूकंपाची तीव्रता ६.३ ते ६.५ च्या घरातली. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर खडक, इथली जमीन हलायची नाही, ही तेव्हाच्या शास्त्रज्ञांची आणि सरकारची समजूत होती. वास्तविक १९६२ च्या सुमारास शिवाजीसागरात पाणी साठू लागलं तेव्हापासूनच लहान लहान धक्के सुरू झाले होते, आणि १९६७ च्या सप्टेंबरात पाचाच्या वरचा एक चांगला दणका बसून गेला होता. इशारा मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही.

आता धरणाचं काय झालं ते पाहा. डिझाइन करताना आडव्या धक्क्यासाठी वजनाच्या ५ टक्के इतकं बळ धरलेलं होतं. धरणाच्या आतल्या यंत्रानं त्या पहाटे जे त्वरण नोंदवलं ते गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याच्या आसपास. (हे दोन आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना करायची नसते, माझ्या व्यवसायबंधूंनी लगेच पत्र लिहू नये. अंदाज किती चुकला होता हे कळायला ते पुरेसे आहेत.) धरणाला वरच्या भागात भेगा गेल्या. धरण पडलं नाही. आणि मग देशातले उत्तमातले उत्तम अभियंते कामाला लागले. भेगा भरल्या, उंच भाग ताणलेल्या केबलींनी जखडला, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मागच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण त्यानंतर तीस वर्षांनी झालं, म्हणजे इतक्या काळात कुणी विसरलं नाही. धरणात यंत्रं बसवली, ती वाचणारी माणसं नेमली. खोऱ्यात भूकंपमापकांचं जाळं पसरलं. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची भूकंप संशोधनाची प्रयोगशाळा आहे, आणि गोठण्याला जमिनीत ३ किलोमीटर खोल भोक पाडून शास्त्रज्ञांनी थेट भूकंपाच्या घराचा कडाप्पा तपासायला घेतलाय. पाण्याच्या साठ्यामुळे होणाऱ्या भूकंपांबद्दल जगात कुठेही लिहायचं म्हटलं की कोयनेचं नाव घ्यावंच लागतं.

एखादा सुसज्ज देश भूकंपाला कसा तोंड देतो, हे पाहायला टोकियोला जायची गरज नाही. हेळवाकपर्यंत जायचं. तिथे त्या भिंतीच्या आत तो देश आहे. चूक कबूल केली, आकडा बदलला, पैसा काढला, दुरुस्ती केली, तीस वर्षांनी पुन्हा तपासून पुन्हा दुरुस्ती केली. तयारी म्हणजे याहून वेगळं काही नसतं. फक्त तो देश धरणाच्या भिंतीपाशी संपतो. भिंतीच्या बाहेर पाऊल टाकलं की आमच्या आजोबांचं घर सुरू होतं.

मधे एका सभागृहात आम्हा इंजिनीअर मंडळींना जपानवर स्लाइड शो दाखवण्यात आला. हलणाऱ्या गगनचुंबी इमारती, रबराच्या पायावर उभी इस्पितळं, धक्का पोचण्याआधी थांबणारी बुलेट ट्रेन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग चहाच्या वेळी नेहमीची दोन वाक्यं ऐकू आली. एक, अहो ते श्रीमंत आहेत. दोन, त्यांच्या रक्तातच शिस्त आहे, आपल्याकडे नाही जमायचं. ही दोन वाक्यं बोलली की चहा गोड लागतो. काहीच करायचं उरत नाही.

रक्तातल्या शिस्तीचं आधी पाहू. १ सप्टेंबर १९२३ ला टोकियो-योकोहामाचा भूकंप झाला, लाखाच्या वर माणसं गेली, बरीचशी आगीत. आणि त्यानंतरच्या दिवसांत अफवा उठली की शहरातले कोरियन लोक विहिरीत विष टाकतायत. टोळक्यांनी काठ्या-तलवारी घेऊन हजारो कोरियन माणसं मारली. हेच ते शिस्तप्रिय रक्त. १९९५ च्या जानेवारीत कोबेला भूकंप झाला तेव्हाही सरकार चाचपडत राहिलं, लष्कर बोलवायला उशीर झाला, ६,४३४ माणसं गेली. बहुतेक माणसं जुन्या लाकडी घरांखाली चिरडली. वर जड कौलं, खाली अशक्त भिंती. पाटणच्या माणसाला हे वर्णन ओळखीचं वाटेल. १९८१ मध्ये त्यांनी बांधकामाचे नियम कडक केले होते, आणि त्या नियमांनी बांधलेल्या इमारतींनी कोबेत बऱ्यापैकी तग धरला. मेले ते मुख्यत्वे जुन्या घरांतले. मग त्यांनी काय केलं? नवे नियम आहेतच, असं म्हणून स्वस्थ बसले नाहीत. त्याच वर्षी जुन्या इमारतींच्या मजबुतीकरणाचा कायदा केला. नगरपालिका घर तपासायला आणि भिंती पक्क्या करायला पैसे देऊ लागल्या. शाळा हातात घेतल्या आणि वीस वर्षांत जवळपास सगळ्या सरकारी शाळा मजबूत करून टाकल्या. यात बुलेट ट्रेनसारखं टाळ्या वाजवण्याजोगं काही नाही. एक शाळा, मग दुसरी शाळा, मग तिसरी. स्लाइड शोमध्ये हे कुणी दाखवत नाही.

आणि तरी त्यांचं सगळं बरोबर येतं असं नाही. ११ मार्च २०११ चा ९ तीव्रतेचा भूकंप इमारतींनी पुष्कळसा सोसला; पंधरा हजारांहून जास्त माणसं गेली ती बहुतांशी त्सुनामीच्या पाण्यात. फुकुशिमाची अणुभट्टी आपण विसरलेलो नाही. इशिनोमाकीजवळच्या ओकावा शाळेत मुलं पाऊण तासाच्या आसपास मैदानात उभी राहिली, शाळेमागे टेकडी होती, पण कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. पालक कोर्टात गेले, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तो निकाल पालकांच्या बाजूने कायम राहिला: आधीच तयारी न करणं हा दोष आहे. मला जपानकडून एकच गोष्ट उसनी घ्यायला सांगितली तर मी रबराचा पाया नाही घेणार. हा निकाल घेईन.

श्रीमंतीचं म्हणाल तर चिलीकडे बघा. २७ फेब्रुवारी २०१० ला तिथे ८.८ चा भूकंप झाला, पाचशेच्या आसपास माणसं गेली. दीड महिना आधी हैतीत ७ चा झाला होता, तिथे लाखाच्या वर. चिली काही जपान नाही. पण तिथे इमारत विकणारा पहिला मालक ढाच्यातल्या दोषांना दहा वर्षं जबाबदार असतो. कन्सेप्सिऑनला एक नवी कोरी इमारत आडवी झाली, तेव्हा बांधणाऱ्यांवर खटला चालला. आपल्याकडे इमारत आडवी झाली की ‘निसर्गाचा कोप’ होतो.

आता माझ्या धंद्याकडे वळतो.

काँक्रीटच्या कॉलममध्ये उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा असतात, त्यांची टोकं आत वळवून कॉलमच्या पोटात घुसवायची असतात, १३५ अंशांत. ती नुसती काटकोनात वाकवली तर मोठ्या धक्क्यात वरचं काँक्रीट सुटतं, रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर वाकतात आणि कॉलम बसतो. आयएस १३९२० मध्ये हे लिहिलंय. माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर लिहिलंय, चित्र काढून. आणि साइटवर जाऊन मी स्वतः मोजलेल्या रिंगांपैकी किती बरोबर होत्या ते मी इथे लिहिणार नाही, कारण मला कराडात राहायचंय. फिटरला विचारलं तर तो म्हणतो, “सायेब, तसं वाकवायला टाइम जातोय, आन् शेट रिंगंला न्हाई, टनाला पैसं देतोय.” त्याचं बरोबर आहे. चूक त्याला टनावर पैसे देणाऱ्याची, आणि त्याहून जास्त माझी. काम पाहायला न जाता मी कागदावर सही केली असं एकदा नाही, अनेकदा झालंय. तालुक्याच्या गावात स्ट्रक्चरल इंजिनीअरला सहीचे पैसे मिळतात, साइटवर जाण्याचे मिळत नाहीत. हे कारण आहे. सबब नव्हे.

दुसरी गोष्ट पार्किंगची. कराड, सातारा, विटा, इस्लामपूर, सांगली-मिरज, जिथे जाल तिथे चार-पाच मजल्यांची अपार्टमेंट: वर विटांच्या भिंतींनी भरलेले फ्लॅट, खाली नुसते खांब आणि गाड्या. वरचं घर पेटीसारखं ताठ, खालचे पाय काटक्यांसारखे. २६ जानेवारी २००१ ला भुजला भूकंप झाला तेव्हा दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच इमारती बसल्या आणि शेकडो माणसं गेली. भुजपासून अहमदाबादपेक्षा कोयनानगरपासून कराड आणि सांगली कितीतरी जवळ आहेत. कबूल, कोयनेचा भूकंप भुजइतका मोठा होईल असं नाही. पण कृष्णाकाठची काळी, मऊ माती खडकापेक्षा जास्त हलते, हे नागरी अभियांत्रिकीच्या मुलाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकवतात. पार्किंगच्या मजल्यावर योग्य जागी दोन-चार काँक्रीटच्या भिंती घातल्या की बराच प्रश्न सुटतो. त्या घातल्या तर दोन गाड्यांची जागा जाते. दोन गाड्यांच्या जागेची आजची किंमत बिल्डरला तोंडपाठ असते.

मी राहतो त्या इमारतीच्या खालीही पार्किंगच आहे. भिंती नाहीत.

गावातल्या घरांकडे यायचं तर दगडमातीची भिंत कशी असते ते सांगायला हवं. बाहेरून ती दीड-दोन फुटांची भक्कम दिसते. प्रत्यक्षात त्या दोन भिंती असतात, एक आतली, एक बाहेरची, आणि मधल्या पोकळीत लहान दगड आणि माती ओतलेली. दोघींना बांधणारा आरपार दगड क्वचितच असतो, कारण तेवढा लांब दगड घडवायला वेळ आणि पैसा लागतो. जमीन हलली की मधली माती खाली सरकते, पाचरीसारखी दोन्ही भिंतींना ढकलते, आणि बाहेरची बाहेर पडते, आतली आत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हेच झालं. वर मातीच्या धाब्याचं टनावारी ओझं, खाली अशा भिंती. सहा-सव्वासहाच्या भूकंपात हजारो माणसं झोपेत गेली. नकाशात तो भाग देशातल्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आमचं तसं नाही. १९६७ नंतर नकाशा बदलला. कोयना परिसर चौथ्या विभागात आहे, आजूबाजूचा मोठा भाग तिसऱ्यात. कागदाला सगळं माहीत आहे.

आणि उपाय महाग नाहीत. नवं घर बांधताना दारं-खिडक्यांच्या वर तुकड्या-तुकड्यांत लिंटल टाकण्याऐवजी घराला चारी बाजूंनी एकसंध काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, कोपऱ्यात सळया नीट वळवायच्या. जुन्या घराला भिंतीत ठिकठिकाणी भोकं पाडून वाकडी सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन भिंती एकमेकींना धरतात. आणि दोन्ही बाजूंनी जाळी ठोकून सिमेंटच्या गिलाव्याचा पट्टा द्यायचा. वासे भिंतीला बांधायचे. घर हलणार नाही असं नाही. पडायच्या आधी माणूस बाहेर येईल. आईच्या घराचा मी हिशेब काढला होता: एका बऱ्या म्हशीची किंमत. हा हिशेब दहा वर्षांपूर्वी काढला होता, वहीत आहे. म्हशीचे भावही त्यानंतर वाढले.

सरकारला नवं काही शोधायचं नाही. घरकुलाचा हप्ता मिळायला लाभार्थ्याला पायाचा, मग लिंटलचा, मग छपराचा फोटो मोबाइलवर काढून द्यावा लागतो. यंत्रणा तयारच आहे. पाटण, शिराळा, जावळी, चिपळूण या तालुक्यांत लिंटलच्या फोटोत चारी बाजूंनी फिरलेला पट्टा दिसला नाही तर हप्ता नाही, आणि पट्ट्याच्या सळईचे पैसे वर वेगळे, एवढा एक आदेश पुरेल. गावात चार गवंडी एकदा शिकले की पुढची तीस वर्षं ते तसंच बांधतात, कारण गवंडी कागद वाचून नव्हे, हाताच्या सवयीने बांधतो. वाईट सवय जशी चालत येते तशी चांगलीही येते.

आणि पैशाचं उत्तर मला इथेच दिसतं. कोयना आणि नंतर १९८५ मध्ये पाणी अडवलेलं वारणा, या दोन जलाशयांमुळे या खोऱ्यातले भूकंप चाळवले जातात, हे आता जगभरचे बहुतेक तज्ज्ञ मानतात. ३० बाय २० किलोमीटरच्या टापूत १९६७ पासून पाचाच्या वरचे वीसहून अधिक धक्के बसले. म्हणजे हा निव्वळ निसर्गाचा मामला नाही. कोयनेतून १,९६० मेगावॉट विजेची क्षमता महाराष्ट्राला मिळाली. ज्यांची खाचरं पाण्याखाली गेली ते उठले, कुठे कुठे पांगले. जे काठावर राहिले त्यांच्या घराखालची जमीन हलती झाली. विजेच्या उत्पन्नातून धरणाला टेकू दिले गेले आणि ते योग्यच झालं. त्याच उत्पन्नातून खोऱ्यातल्या घरांच्या भिंतींना जाळी का नाही? मी भीक मागत नाही. ज्या जलाशयाच्या विजेवर राज्य वाढलं, त्या जलाशयाच्या हिशेबात ही घरं खर्चाची बाब म्हणून लिहा, इतकंच म्हणतो. सध्या तरी १९६७ ची सरकारदरबारी सगळ्यात जिवंत आठवण म्हणजे भूकंपग्रस्ताचा दाखला. तो नोकरीला उपयोगी पडतो. माझ्या चुलतभावाला पडला, आनंद आहे. पण दाखला घेऊन तो ज्या घरात परत आला ते घर तेच आहे.

लोकांना तयारी नकोच असते, हा आरोप मी सांगलीच्या लोकांपुढे करून दाखवावा. आयर्विन पुलापाशी ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. शाळेतलं पोरही सांगतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली, ते कुणी विसरलं नाही. २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५० च्या वर चढलं तेव्हा किती तरी दुकानदारांनी माल आधीच हलवलेला होता. कारण त्यांच्याकडे आकडा होता, आणि आकड्याला जोडलेली कृती होती: इतकं झालं की फ्रिज वर, इतकं झालं की म्हातारी माणसं पाहुण्यांकडे. भूकंपाचा आकडाही आम्हाला दर धक्क्याला मिळतो. त्याला जोडलेली कृती मात्र एकच, घाबरू नका. आम्ही घाबरलेले नसतोच. सवय झालीय. तीनाचा धक्का बसला तर पाटणच्या बाजारात कुणी चहाचा कप खाली ठेवत नाही, आणि आम्ही हे पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. त्या अभिमानाचा मला अलीकडे राग येतो. सहाचा धक्का तीनाच्या धक्क्यासारखा नसतो. त्यात हजारो पटींनी जास्त ऊर्जा असते. तीनाची सवय सहाला कामाला येत नाही.

आणि ज्या दिवशी सहाचा येईल त्या दिवशी कोण येईल? एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. ती येईल, चांगलं काम करेल, पण तिला रस्ता लागेल. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथे डोंगर खाली आला, तेव्हा आंबेघरला पोचायलाच पथकांना किती यातायात पडली ते सगळ्यांनी पाहिलं. कोबेतही ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुसंख्य माणसांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं होतं. शेजारी येणार हे नक्की असेल तर त्याच्या हातात पहार, जॅक, दोर आणि हेल्मेट असावं, आणि कुठल्या घरात कोण कुठे झोपतं हे त्याला माहीत असावं. जपानात १ सप्टेंबरला, १९२३ च्या त्या दिवसाची आठवण म्हणून, देशभर सराव होतो. आपल्याकडे ११ डिसेंबर येतो आणि जातो. त्या दिवशी सकाळी खोऱ्यातल्या प्रत्येक शाळेने मुलांना एकदा बाहेर काढून मैदानात मोजावं, यासाठी किती निधी लागतो?

धोक्याची आगाऊ सूचना देणाऱ्या यंत्रणेवर माझा फारसा जीव नाही, हेही सांगतो. भूकंपाच्या मोठ्या लाटेला कोयनानगरपासून सांगलीला पोचायला साधारण अर्धं मिनिट लागतं. तिथे अशी सूचना उपयोगी पडेल, गॅस बंद करता येईल, लिफ्ट थांबवता येईल. पण हेळवाकच्या माणसाला मोबाइल वाजेपर्यंत भिंत येऊन पोचलेली असेल. त्याला वाचवायचं तर भिंतीलाच शिकवावं लागेल.

मागच्या पावसाळ्यानंतर मी आईच्या घराचं काम काढलं. दहा वर्षांनी. हा लेख लिहायचा ठरवला आणि वहीतला हिशेब समोर आला, लाज वाटली, एवढंच त्यामागचं कारण. मेस्तरी गावातलाच, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो म्हणाला, “आता परत कशाला हुतंय तसलं? पन्नास वरसं हाललं न्हाई घर.” आईचा विरोध वेगळ्या मुद्द्यावर. देवाचा कोनाडा बुजवायचा नाही, आणि तुळईवर वडिलांनी कोरलेलं नाव गिलाव्याखाली जाता कामा नये. दोन्ही मान्य केलं, पट्टा थोडा खाली घेतला.

पहिलं भोक मागच्या भिंतीत पाडलं, जी १९६७ ला पडली होती तिच्यात. बाहेरचा दगड निघाला, आणि मागून मातीची धार लागली. ओली, काळपट, मधे कौलांचे बारीक तुकडे. आजोबांनी पडलेल्या घराचा चुरा तसाच आत भरला होता. मेस्तरीने कोपरापर्यंत हात घातला, पलीकडचा दगड चाचपला आणि हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “माझ्या घराचीबी अशीच आसंल.”

त्याच्या घराला अजून पट्टा नाही. शेजारच्या बत्तीस घरांनाही नाही, मी मोजली.